आहेरात गेलेला तंबू

फुकट ते पौष्टिक, हे मला माहेरी कुणी शिकवलं नाही. ते मी नांदेडात आल्यावर स्वतःच्या अकलेनं शिकले.

झालं असं, की एका रविवारी पहाटे गोदावरीच्या घाटावर चालण्याचा कार्यक्रम होता आणि चालणाऱ्या प्रत्येकाला टोपी फुकट होती. मी शाळेत शिकवते, दिवसभर उभीच असते, मला चालायचं काय कौतुक? पण टोपी चांगली होती. गेले, चालले, टोपी घेतली. पुढच्या वेळी टी-शर्ट होता. त्याच्या पुढच्या वेळी पाण्याची बाटली. लेक लातूरला शिकायला आहे, तिला भेटायला गेले तर तिथं कळलं की औशाच्या किल्ल्यावर फेरफटका आहे आणि वर पोहे-जिलेबी. लेकीला हॉस्टेलच्या दारात डबा दिला आणि मी किल्ल्यावर. ती फोनवर म्हणाली, "आई, तू मला भेटायला आली होतीस की जिलेबीला?" मी म्हटलं, "दोन्हीला. तू काय भुंगा लावलास?"

घरात आता अकरा टोप्या आहेत. एक नवऱ्याच्या डोक्यावर, एक स्कूटरच्या आरशावर आणि एक सासूबाईंनी लोणच्याच्या बरणीला घातलेली. नवरा म्हणतो, "फुकट वाटत असतील तर तू विषाची बाटलीसुद्धा आणशील." म्हणू दे. खरं सांगायचं तर टोपीच्या नादानं गेले आणि पायांनाच चटक लागली. रविवारी पहाटे घाटावर वारा लागला, की आठवडाभराची शाळेची खडूची धूळ झडून जाते. हे मात्र मी घरी कुणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर म्हणाले असते, मग रविवारी घरातच झाडू मार की.

आमच्या या चालणाऱ्या मंडळींचे म्होरके म्हणजे एक निवृत्त चित्रकलेचे मास्तर. आम्ही सगळे त्यांना सर म्हणतो. गेल्या थंडीत त्यांनी कार्यक्रम संपल्यावर स्टीलच्या डब्यातून चिठ्ठी काढली आणि माझं नाव वाचलं. बक्षीस काय, तर तंबू! दोन माणसांचा, घडी करून पिशवीत बसणारा. त्याला सोनेरी चकचकीत कागद गुंडाळलेला, वर 'हार्दिक अभिनंदन' अशी चिकटपट्टी. आयुष्यात मला लॉटरीत काही लागलं नव्हतं. भिशीतसुद्धा माझा नंबर कायम शेवटचा.

तंबूसोबत एक पत्रक होतं. दोन आठवड्यांनी, शनिवारी संध्याकाळी पाच वाजता सहस्रकुंडाच्या धबधब्याजवळ मुक्कामाचं शिबिर. स्वतःचा तंबू आणेल त्याला सगळं फुकट. जंगलात फेरफटका, पक्षी, चांदण्या, असं बरंच काय काय. आणि सगळ्यात शेवटी एक ओळ: सकाळी सहा वाजता तंबूच्या दारात गरम चहा.

ती ओळ मी तीनदा वाचली.

बावीस वर्षं झाली लग्नाला. बावीस वर्षं घरात पहिली उठते ती मी आणि पहिला चहा टाकते तीही मीच. सासूबाईंचा बिनसाखरेचा, नवऱ्याचा कडक, लेक असली की तिचा दुधाचा. माझा उरलेला. पाव्हण्यांकडं गेलं तरी सुटका नाही, सून म्हणून स्वयंपाकघरात घुसायचंच. माहेरी गेलं तर भावजय पातेलं हातात देते, "ताई, तुमच्या हातचा चहा लई दिवस झाले प्यायला न्हाई." गोड बोलून कामाला लावायची कला तिच्याकडून शिकावी. सकाळी अंथरुणात असताना कुणी माझ्या हातात कप दिला, असं एकदाच घडलं. लेक झाली तेव्हा, दवाखान्यात. तोही गार होता.

आणि फिरणं म्हणाल तर लग्न, बारसं आणि तेरावं. या तिन्हींखेरीज मी कुठं मुक्कामाला गेले असेन तर शपथ.

घरी आले आणि ती ओळ मोठ्यानं वाचून दाखवली. नवरा म्हणाला, "जा की." सासूबाई मात्र भाजी निवडता निवडता थांबल्या.

"तंबूच्या दारात च्या? आन् आपल्या दारात काय काटे लागलेत का?"

"आत्याबाई, तिथं तो दुसरं कुणीतरी करून देतं."

"दुसरं कोन? तिथं तुजी सासू बसलीय का?"

"सासू नाही बसली, म्हणूनच तर चाललेय," मी म्हटलं. माझी जीभ अशीच आहे. त्या दिवशी भाजीत मीठ जास्त पडलं आणि ते मी टाकलेलं नव्हतं.

तंबू मी उघडला नाही. सोनेरी कागद तसाच ठेवला. म्हटलं, तिथं नदीकाठी जाऊन स्वतःच्या हातानं फाडायचा. आणि ठेवला कुठं? तर आहेराच्या पेटीवर. आता ही माझीच चूक, मान्य. पण चूक करायला जागा दुसरी कुठं होती? कपाटावर उरलेल्या आठ टोप्या.

आहेराची पेटी म्हणजे काय, हे आमच्याकडं कुणाला सांगावं लागत नाही. लग्नाकार्यात येणारे टॉवेल, टोप्या, ब्लाउजपीस, साड्या, चादरी कुणी वापरायला देत नसतं आणि कुणी वापरतही नसतं. आलेला आहेर पेटीत जातो आणि पुढच्या कार्याला पेटीतून निघतो. काही टॉवेल तर माझ्या लग्नाच्या आधीपासून जिल्ह्यात फिरून राहिलेत, पाणी म्हणून लागलेलं नाही त्यांना. फक्त एक पथ्य पाळायचं: ज्यांच्याकडून आला त्यांनाच परत जाऊ नये. म्हणून सासूबाई प्रत्येक वस्तूखाली चिठ्ठी ठेवतात, हे अमक्याचं, ते तमक्याचं. आणि कागदात गुंडाळलेलं असेल तर ते कधीही फोडायचं नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची.

आता पेटीवर सोनेरी कागदातली एक वस्तू. खाली चिठ्ठी नाही. वर 'हार्दिक अभिनंदन'. सासूबाईंनी काय समजावं?

गुरुवारी शाळेतून आले, पिशवी भरायला घेतली, तर पेटीवर नुसती धूळ.

"आत्याबाई, इथलं सोनेरी कुठंय?"

"त्ये व्हय? लोह्याच्या लग्नात दिलं की, ह्याच सोमवारी. तू ट्रेनिंगला गेलतीस. लई शोभलं बघ आहेरात. सगळे वळून वळून बघून राहिले होते."

 मी जे बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. सासूबाईंनीही काही राखून ठेवलं नाही. त्यांचं म्हणणं, पेटीवर ठेवलेली वस्तू पेटीचीच. माझं म्हणणं, उद्या मी पेटीवर बसले तर मलाही द्याल. नवरा टोपी घालून बाहेर निघून गेला.

"मी उद्या लोह्याला जाते आणि परत मागते," मी म्हटलं.

सासूबाईंचा चेहरा पडला. "आहेर परत मागतेत? आगं, सात पिढ्यांची अब्रू जाईल. मेलेलं मानूस परत मागशील, आहेर न्हाई मागता येत."

शेवटी असं ठरलं की मागायचं नाही. नव्या सुनेला बघायला म्हणून जायचं आणि बोलता बोलता वस्तू कुठं आहे ते काढून घ्यायचं. पुढचं पुढं. सासूबाई सोबत येणारच म्हणाल्या. "तू तोंडानं फटकळ. तुला एकलीला सोडलं तर घात करशील." मी रजा टाकली.

लोह्याचं घर म्हणजे सासूबाईंच्या भाच्याचं. त्याच्या पोराचं लग्न झालेलं. भाचेसूनबाईंनी चहा केला. पहिला कप बशीत ओतला तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "आहेर लई झाला म्हने?" भाचेसूनबाई म्हणाल्या, "झाला की, देवाच्या दयेनं." मग थोडं हरभऱ्यावर बोलणं झालं. दुसऱ्या घोटाला सासूबाई म्हणाल्या, "आमचं ते सोनेरी पोचलं ना नीट?"

"अगं बया, ते का! कपाटात जपून ठेवलंय. असं कुणी देतं का आजकाल!"

आणि कोपऱ्यात उभी असलेली नवी नवरी, बिचारी, सासरी येऊन चार दिवस झालेले, चांगल्या मनानं आपल्या सासूला बोलून गेली, "आत्याबाई, ते कपाटात नाही. ते तुम्ही माझ्या आईच्या वास्तुशांतीला दिलं की नायगावला, परवा."

गोठ्यातल्या म्हशीचं रवंथ ऐकू यायला लागलं. भाचेसूनबाई उठल्या आणि आत जाऊन माझ्यासाठी ब्लाउजपीस घेऊन आल्या. तो मीच त्यांना गेल्या दिवाळीत दिलेला होता. कोपऱ्याला माझ्याच पेनाचा ठिपका. मी पाया पडून घेतला. तेलही गेलं, तूपही गेलं, हाती धुपाटणं, तेही आपल्याच घरचं.

तिथून दोन बस बदलून नायगाव. नवरीची आई सडेतोड बाई निघाली. सासूबाईंना आडून आडून विचारायला वेळच दिला नाही.

"सोनेरी? हाव, आलतं. काल माझ्या भाचीच्या लेकराचं बारसं होतं किनवटकडं, तिथं देऊन टाकलं. आता तुमच्यापासून काय लपवायचं? तुमच्या अक्काच्याच घरी दिलीय की तिला! सोयरीक तुमीच जुळवलेली. पन तुमी बारशाला आल्या न्हाईत? म्हातारी लई वाट बघत होती."

अक्का म्हणजे सासूबाईंची थोरली बहीण. सासूबाईंनी नुसतं "हं" केलं. चहा अर्धा ठेवला. परतीच्या बसमध्ये न राहवून मी विचारलं, "का नाही गेलात हो बारशाला?"

"बोलावनं फोनवर दिलं. घरला येऊन न्हाई दिलं." खिडकीतून बाहेर बघत त्या म्हणाल्या. थोड्या वेळानं म्हणाल्या, "अक्काला फोनवर इचारलं की म्हनते, बरं हाय. दरवेळी तेच. बरं हाय."

शनिवारी सकाळी आम्ही दोघी किनवटच्या गाडीत. माझ्या पाठीवर शिबिराची पिशवी, डोक्यावर फुकटची टोपी. मनात पक्कं ठरवलेलं: आता मागायचाच. घर सासूबाईंच्याच बहिणीचं आहे, अब्रूची काय भीती? वाक्यसुद्धा पाठ केलं होतं. "मावशी, तो तंबू चुकून आलाय हो, माझा आहे." बस्स. तो घ्यायचा, परतीच्या गाडीनं सहस्रकुंडाला उतरायचं, पाचच्या आत हजर. वाटेत सहस्रकुंडचं स्टेशन लागलं तेव्हा मी खिडकीतून मान बाहेर काढून बघून घेतलं. सासूबाई म्हणाल्या, "मान आत घे. च्या पळून न्हाई जात."

मावशींच्या गावी पोचलो तर घराच्या मधोमध भिंत आणि दोन दारं. सासूबाई भिंतीकडं बघतच राहिल्या, त्यांना ठाऊकच नव्हतं. डावीकडच्या दारातून सून बाहेर आली. म्हणाली, "म्हातारी न्हाई हितं." उजवीकडची आली. म्हणाली, "माझी पाळी सोमवारी लागते." मग दोघींनी एकाच दिशेनं हात केला. "शेतात हायत त्या."

शेत जंगलाला लागून. ज्वारी कणसाला आलेली. आणि मला लांबूनच दिसला. निळा, वर केशरी पट्टा. माझा तंबू! आयुष्यात पहिल्यांदा बघत होते त्याला. कडुनिंबाखाली चोख ताणून उभा. दारात चार बोटांची रांगोळी. वर आंब्याच्या पानांचं तोरण. सोनेरी कागदाच्या पट्ट्या कापून ज्वारीच्या ताटांना बांधलेल्या, पाखरं उडवायला. आणि 'हार्दिक अभिनंदन' पाण्याच्या घागरीवर चिकटवलेलं.

मावशी तंबूतून रांगत बाहेर आल्या. मुठीएवढी बाई. धाकट्या बहिणीला बघून आधी हसल्या, मग पदर डोळ्याला लावला, मग परत हसल्या.

"ये, ये. घर बघ माजं."

"हे काय अक्का? तू हितं कामून राहून राहिलीस?"

"वाटन्या झाल्या. पंधरा दिस हिच्याकडं, पंधरा दिस तिच्याकडं. सोळाव्या दिशी बोचकं उचलायचं. एक म्हनती आज जेवन तिकडं, दुसरी म्हनती आजून दिस बुडला न्हाई. मी काय कालव्याचं पानी हाय का गं, पाळीनं सोडायला?" मावशी हे हसतच सांगत होत्या. "बारशात ह्यो आहेर आला. पोरांनी खोलला, काय हाय ते कुनालाच कळंना. दोघं भांडली, तू घे, तू घे. मग आला माज्या वाट्याला. बिनकामाचं समदं माज्याच वाट्याला येतंय. मी चित्र बघून उभा केला. पाळना बांधता येतो त्या बाईला ह्ये काय अवघड हाय? दोन दिस झाले. राखनीला बसते म्हनून सांगितलं. पोरं बी खुश, मी बी खुश. हितं मी कुनाच्या पाळीत न्हाई."

सासूबाई खालीच बसल्या. मग एकदम चवताळल्या. "मला बोलली कामून न्हाईस? फोन काय मीठ लावून ठेवायला हाय?"

"फोनवर काय बोलू? तू बारशाला आली असतीस तर तुला दिसलं असतं."

सासूबाई पायाशी पडलेलं ज्वारीचं पान फाडत बसल्या. सासूबाईंना हरलेलं मी बावीस वर्षांत पहिल्यांदा पाहिलं. आणि मजा नाही आली.

मावशी तंबूच्या कापडावरून हात फिरवत म्हणाल्या, "कुनी दिला देव जाने. बारशाला समदे कुंच्या-झबली आनतेत. ह्या एकानं मात्र म्हातारी ध्यानात ठिवली."

माझं वाक्य तोंडाशी आलेलं होतं. खोटं कशाला बोलू? त्या क्षणीसुद्धा मला तो तंबू पाहिजे होता. हावरट म्हणा, काही म्हणा. माझा होता तो. सरळ चालून मिळवलेला. पाठीवर पिशवी, तीन तासांवर शिबिर, आणि डोळ्यांपुढं तो कप. रागानं मी पिशवीचा पट्टा आवळला. कुणाचा राग, ते मला तेव्हाही कळलं नाही. त्या दोन दारांचा, सासूबाईंचा, का माझ्याच नशिबाचा.

तेवढ्यात सासूबाईंनी तोंड उघडलं. मला वाटलं, झालं, आता ह्याच मागतात.

"माज्या सुनेनं दिलाय," त्या म्हणाल्या. "मुद्दाम तुज्यासाठी पाठवला. म्हनली, मावशीला लागंल."

मी त्यांच्याकडं बघितलं. त्या माझ्याकडं बघत नव्हत्या, घागरीकडं बघत होत्या. बाई आयुष्यात कधी चूक कबूल करणार नाही, हे मला माहीत होतं. पण चूक अशीही फिरवता येते, हे नव्हतं माहीत. मावशींनी माझ्या तोंडावरून हात उतरवून कानशिलावर कडाकडा बोटं मोडली. मग मी काय बोलणार?

"हो मावशी, तुमच्यासाठीच," मी म्हटलं. आवाज फाटला माझा. टोपी डोळ्यांवर ओढून घेतली.

पाचच्या सुमाराला सरांचा फोन. "मॅडम, कुठं आहात? सगळे आले. तुमची जागा नदीकडच्या बाजूला राखून ठेवलीय."

"सर, माझा तंबू लागला."

"लागला? कुठं? मला दिसत नाही."

"दिसणार नाही. तुम्ही सुरू करा."

सर नाराज झाले. यादीत नाव आहे, बक्षिसाचा फोटो काढायचा आहे, असं बरंच म्हणाले. मी फोन ठेवला आणि हुरडा भाजायला बसले. परतीची गाडी तर गेलीच होती. मावशींचा हुकूम निघाला: पाव्हणी आत झोपणार. मी नको नको म्हणत होते, तर सासूबाईंनीच पाठीत ढोसलं, "जा की गुमान. आमाला बोलायचं हाय." दोघी बहिणी शेकोटीशी घोंगडं पांघरून बसल्या आणि मी अंग टाकलं तशी मेल्यासारखी झोपले.

पहाटे सवयीनं जाग आली. सवयीनंच उठायला लागले, चहा टाकायचाय म्हणून. चाचपडले तर चेन कुठं ते सापडेना. बाहेर धुराचा वास. चुलीत फुंकर मारल्याचा आवाज, खोकल्याचा आवाज. तो खोकला मी कुठंही ओळखीन. मग कुजबुज.

"अक्का, गूळ थोडा घाल. तिला च्या गोड लागत न्हाई."

"तुला काय ठावं? तू कवा करून दिलास का तिला?"

त्यावर नुसती चुलीतली फुंकर ऐकू आली. चेन बाहेरून अर्धी उघडली आणि दोन हिरव्या बांगड्यांचा हात आत आला. हातात स्टीलचा पेला, पदराच्या टोकानं धरलेला.

"घे," सासूबाई म्हणाल्या. "सहा वाजले का न्हाई मला ठावं न्हाई. दार मातर तंबूचंच हाय."

चहा धुरकट होता. दूध नव्हतं, गूळ जास्तच झाला होता.  पेला संपला तरी तो दोन्ही हातांत धरून बसून राहिले. मग रडताना त्यांना दिसू नये म्हणून बाहेर यायला निघाले, तर त्यांनी बाहेरून चेन ओढून घेतली.

"बस आतच. दुसरा ठिवलाय चुलीवर."

तो आला, तेव्हा त्यात गूळ बरोबर होता.